एकाच माणसाच्या तीन सह्या

जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीतल्या त्या कारकून बाईंना सगळं इस्पितळ ‘परतबाई’ म्हणायचं. अर्थात पाठीमागे. डॉक्टरांनी भरलेले मृत्यूच्या कारणाचे दाखले त्यांच्या टेबलावर जायचे आणि चारातला एक तरी हमखास परत यायचा. सोबत पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी असायची. ‘हृदय बंद पडले, हे मान्य. का बंद पडले?’

डॉक्टर मंडळी वैतागायची. रुग्ण तपासायचे, नातेवाइकांना सांभाळायचं, आणि वर ही बाई शाळेतल्या मास्तरणीसारखी वही तपासणार! एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तर फोन करून झापलं होतं, “बाई, माणूस मेला की हृदय बंदच पडतं!” त्यावर पलीकडून शांत आवाज आला होता, “तेच म्हणते मी साहेब. ते तर सगळ्यांचंच पडतं. मग दाखला कशाला हवा?”

आपल्या गोष्टीतला डॉक्टर तेव्हा नवा होता. नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले. एका सकाळी एकोणतीस वर्षांच्या एका तरुणाला त्याच्याकडे आणलं, ते मृतावस्थेतच. धट्टाकट्टा, निर्व्यसनी माणूस. घड्याळाचा गजर झाला, तो उठून बसला आणि तसाच आडवा झाला, असं त्याच्या धाकट्या बहिणीने सांगितलं. शवविच्छेदन झालं. हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ, मेंदू ठीक, विषाचा मागमूस नाही. डॉक्टरने दाखल्याचा कागद पुढे ओढला. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायलाच हवं, म्हणून त्याने लिहिलं, ‘हृदयविकाराचा झटका’, आणि सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी दाखला परत आला. चिठ्ठीवर ओळ होती, ‘अहवालात रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. मग झटका कशाने? जमल्यास स्वतः येऊन जावे.’

डॉक्टरच्या डोक्यात तिडीक गेली. दुपारी जेवण अर्धवट टाकून तो तावातावाने कचेरीत पोचला. आज या बाईला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून.

कचेरी तळमजल्यावर होती. दोन खिडक्या, त्यांच्यामागे टेबलं, आणि त्यामागे भिंतीभर लोखंडी मांडण्यांत जाडजूड नोंदवह्या. बाई ठेंगण्या, डोळ्यांवर जाड चष्मा. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ रडत उभे होते. बाई त्यांना घाई करत नव्हत्या. “सावकाश सांगा, दादा. पडल्या तेव्हा काय करत होत्या वहिनी?” म्हातारे सांगत होते, बाई लिहीत होत्या. डॉक्टर ताटकळला. त्याच्या लक्षात आलं, की वहीत डॉक्टरांच्या कारणाशेजारी आणखी एक रकाना आहे. ‘माहिती देणाऱ्याचे म्हणणे.’

म्हातारे गेले. डॉक्टरने तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “बसा. तुम्ही जेवून आला नाहीत, चेहऱ्यावर दिसतंय. पण आधी हे बघा.”

त्यांनी टेबलावर तीन वह्या उघडून ठेवल्या. पहिली नवी होती. तीत त्या तरुणाची नोंद. शेजारच्या रकान्यात बाईंच्या टपोऱ्या अक्षरात, ‘पहाटे गजर वाजला, तेव्हा दचकून उठला व कोसळला.’ खाली वडिलांची सही.

दुसरी वही एकोणीस वर्षांपूर्वीची. एक बाई, वय एकतीस. डॉक्टरांनी लिहिलेलं कारण, ‘फिट’. शेजारी, ‘टेलिफोनची घंटा वाजली म्हणून उठली व दारात पडली. याआधीही दोनदा असेच.’

“ही त्या मुलाची आत्या,” बाई म्हणाल्या. “ही नोंद मीच घेतली होती.”

तिसरी वही पिवळी पडलेली, कडा झडलेल्या. चौतीस वर्षांपूर्वीची. अक्षर बाईंच्या आधीच्या कारकुनाचं. पुरुष, वय बेचाळीस. कारण, ‘हृदयक्रिया बंद’. शेजारी, ‘गिरणीचा भोंगा झाला, त्या क्षणी जिन्यावरून कोसळले.’

“आणि हे आजोबा. आता सह्या बघा.”

डॉक्टरने पाहिलं. तिन्ही ठिकाणी एकाच माणसाची सही होती. सगळ्यांत जुनी तरण्या हाताची, ठसठशीत. मधली जरा घाईची. परवाची थरथरलेली. एका माणसाने आपला बाप, आपली बहीण आणि आपला मुलगा, तिघांची खबर याच खिडकीवर दिली होती.

“परवा ते सही करत होते,” बाई म्हणाल्या, “तेव्हा मला ते शेवटच्या अक्षराचं वळण ओळखीचं वाटलं. दोन दिवस वह्या धुंडाळल्या. मी काही डॉक्टर नाही हो. मला फक्त वाचता येतं. पण गजर, घंटा, भोंगा... एका घरात तीनदा?”

डॉक्टरला एकदम आठवलं. आवाजाने दचकताच हृदयाची लय तुटते, असा एक आनुवंशिक आजार त्याने परीक्षेपुरता पाठ केला होता. शवविच्छेदनात काही सापडत नाही, कारण बिघाड हृदयाच्या मांसात नसतो, त्यातून धावणाऱ्या विजेत असतो. पुस्तकात त्याला दीड पान होतं. आणि इथे ते दीड पान चौतीस वर्षं धूळ खात पडलं होतं, तीन वह्यांत विखुरलेलं, कुणीतरी एकत्र वाचावं म्हणून. ज्याला तो कारकुनी म्हणून हिणवत होता, त्या भिंतभर वह्यांकडे तो आ वासून बघत राहिला.

“त्या मुलाची बहीण...” तो कसाबसा म्हणाला.

“सव्वीस वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या. “शाळेत असताना घंटेला चक्कर यायची म्हणे तिला. मी काल संध्याकाळी वडिलांना विचारलं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. नाहीतर चिठ्ठीवरच भागलं असतं.”

डॉक्टर त्याच पावली पत्ता घेऊन निघाला. दुसऱ्या दिवशी वडील आणि मुलगी इस्पितळात आले. दोघांच्याही हृदयाचे आलेख काढले. कागदावर ती लाट जिथे खाली यायला हवी, तिथे येत नव्हती, रेंगाळत होती. ज्येष्ठ डॉक्टरांनी, फोनवर झापणाऱ्या त्याच साहेबांनी, आलेख दोनदा मोजला, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे कुणी शोधलं?”

“परत... कचेरीतल्या बाईंनी, सर.”

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि आलेख तिसऱ्यांदा मोजला.

वडिलांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी खाली मान घातली. “म्हणजे माझ्याच रक्तातून गेलं हे पोराला.”

मुलीने त्यांचा हात धरला. “बाबा, तुम्ही तिन्ही वेळा खरं काय घडलं ते नीट सांगितलंत ना, म्हणून मी आज इथे बसलेय.”

दोघांनाही रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. घरातलं गजराचं घड्याळ गेलं, दाराची घंटा निघाली, आणि कोणती औषधं चुकूनही घ्यायची नाहीत त्याची यादी तिच्या पर्समध्ये आली. “आता मला आई हाका मारून उठवते,” ती डॉक्टरला हसत म्हणाली. “तेही हळू आवाजात. तिच्या स्वभावात नाही ते.”

डॉक्टर सुधारलेला दाखला घेऊन स्वतः कचेरीत गेला. पहिल्या ओळीत हृदयाची लय अचानक बिघडल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्या ओळीत त्यामागचा आनुवंशिक आजार. बाईंनी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत वाचलं आणि मान डोलावली. डॉक्टरला वैद्यकीची पदवी मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

उत्साहाच्या भरात तो म्हणाला, “मग आजोबांची आणि आत्याचीही नोंद बदलून टाकू या!”

बाईंनी जुन्या वहीवर पालथा हात ठेवला. “नाही, डॉक्टर. त्यांची तपासणी झालेली नाही. आपल्याला वाटतंय, पण माहीत नाही. वाटतंय ते लिहायला लागलो, तर ‘झटका’ लिहिणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय?”

डॉक्टर ओशाळला. मग त्याने मनात बरेच दिवस घोळणारी गोष्ट विचारली. “आणि खरंच काही कळलं नाही तर? काय लिहायचं?”

“कळलं नाही, असं लिहायचं. त्याला लाजायचं कशाला? त्या ओळीवर कुणीतरी पुढे थांबतं, विचार करतं. खोट्या कारणावर कुणी थांबत नाही हो, पान उलटतात.”

पुढे साहेबांच्या आग्रहाने बाई वर्षातून एकदा इस्पितळात यायच्या. नवशिक्या डॉक्टरांसमोर टेबलाच्या कडेला उभ्या राहून दाखला कसा भरायचा ते सांगायच्या. आवाज इतका बारीक, की मागच्या बाकांवरचे पुढे येऊन जमिनीवर बसायचे. ‘परतबाई’ हे नाव कायम राहिलं, फक्त आता ते तोंडावर घेतलं जायचं आणि बाईही त्याला ओ द्यायच्या. दाखले परत पाठवणं मात्र त्यांनी निवृत्तीच्या आदल्या दिवसापर्यंत सोडलं नाही. त्या दिवशी दोन परत गेले. त्यातला एक साहेबांचा होता.

आपला डॉक्टर आता त्याच इस्पितळात वरच्या पदावर आहे. ती मुलगी दर सहा महिन्यांनी त्याच्याकडे तपासणीला येते. परवा आली, तेव्हा आलेख काढण्यापूर्वी त्याने कागदावर तिचं वय लिहिलं आणि क्षणभर थबकला. चौतीस. थोरल्या भावापेक्षा ती आता पाच वर्षांनी मोठी झाली होती.