मागचा लाल दिवा

डेपोत त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे बल्बमास्तर म्हणत, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे, उलट मनातून जरा बरंच वाटत असावं.

डेपो होता डोंगराच्या माथ्यावर. कारखाना पायथ्याशी. मधे घाट. कारखान्याच्या कामगारांना खाली न्यायचं, वर आणायचं, एवढंच काम. पण घाटात धुकं कधी उतरेल याचा नेम नसे. माथ्यावर लख्ख ऊन आणि दोन वळणं खाली गेलं की समोर पांढरी भिंत. त्या भिंतीत गाडी कशी घालायची हे नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम मास्तरांकडे होतं. मोठा दिवा लावायचा नाही, तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. खालचा दिवा आणि बंपरमधले पिवळे फॉग लाइट. शंभर पावलांवरचा खांब दिसेनासा झाला की मागचा लाल फॉग लाइट लावायचा. आणि खांब पुन्हा दिसायला लागला की तो लाल दिवा त्याच क्षणी बंद.

या शेवटच्या वाक्याला मास्तरांचा आवाज चढायचा. ड्रायव्हर लोक दिवा लावायला विसरत नाहीत, बंद करायला विसरतात. मग स्वच्छ हवेत तो मागच्याच्या डोळ्यांत घुसतो, आणि त्या झगमगाटात ब्रेकचा दिवा कधी लागला ते कळत नाही. मास्तरांनाही एकदा कळलं नव्हतं. ऐन तारुण्यातली गोष्ट, तिन्हीसांजेची वेळ, हवा निवळलेली. पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला तो त्या लाल भगभगाटात त्यांना दिसलाच नाही. मास्तर वाचले. शेजारी बसलेला थोरला भाऊ वाचला नाही.

म्हणून त्यांनी डेपोत एक रीत पाडली होती. कुणाचीही गाडी चांगल्या हवेत मागचा फॉग लाइट पेटवत फाटकातून आत आली की मास्तर पेचकस घेऊन उठायचे, लाल काच खोलायचे, बल्ब काढायचे आणि टेबलाच्या ड्रॉवरमधल्या पत्र्याच्या डबीत टाकायचे. ज्याला बल्ब हवा त्यानं टेबलासमोर उभं राहून सगळ्यांच्या देखत नियम म्हणून दाखवायचा. शाळेतल्या पोरांसारखे मिशाळ ड्रायव्हर हात बांधून नियम म्हणायचे, बाकीचे खो खो हसायचे आणि बल्ब परत मिळायचा. डेपोच्या साहेबांना हे कानावर होतं, पण मास्तरांच्या वाटेला कोण जाणार! शिवाय ही रीत सुरू झाल्यापासून एकही गाडी ठोकली गेली नव्हती.

एके दिवशी जी गाडी दिवा पेटवत आत आली ती त्यांच्या धाकट्या लेकीची होती.

धाकटी नुकतीच डेपोत लागली होती. छोटी बस चालवायची, पॅकिंग विभागातल्या बायकांना ने-आण करायची. मास्तरांनीच तिला शिकवलं होतं, आणि कुणी काही म्हणू नये म्हणून दुसऱ्यांपेक्षा दुप्पट रागावून शिकवलं होतं. त्या दिवशी ती घाटातल्या धुक्यातून वर आली, माथ्यावर ऊन होतं आणि दिवा बंद करायचा राहिला. मास्तरांनी बल्ब काढला. सगळे ड्रायव्हर चहाचे कप घेऊन भोवती जमले, आज तर तमाशाच बघायला मिळणार होता.

"म्हण," मास्तर म्हणाले.

"मला पाठ आहे, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

"डेपोत बाबा नाही. म्हण."

"सगळ्यांसमोर नाही म्हणणार."

"मग बल्ब मिळणार नाही."

"नको मला," असं म्हणून ती तरातरा निघून गेली. कुणी हसलं नाही. मास्तरांनी डबीचं झाकण लावलं, पण ते दोनदा लावावं लागलं.

घरी जेवताना बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. त्यांची बायको आधी ताटांकडे, मग दोघांकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अहो, देऊन टाका की तो दिवा. केवढासा तो बल्ब, आणि केवढी तुमची ऐट!"

"आज तिला दिला तर उद्या कुणाला नाही म्हणू?"

"तिलाच नाही म्हणा. तिला तर रोजच म्हणता."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी चावी घ्यायला आली तेव्हा मास्तर टेबलाशीच होते. चावीच्या फळीपुढे ती जरा जास्तच वेळ उभी राहिली. मागेल, असं मास्तरांना वाटलं. मागितला असता तर त्यांनी नियम न म्हणवताच दिला असता, हेही त्यांना ठाऊक होतं. पण तिनं मागितला नाही आणि त्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. बाहेर ऊन होतं. बस फाटकातून गेली.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"बाबा, गाडी बंद पडलीय. मोठ्या वळणाच्या खाली, रस्त्यातच. ढकलूनही हलत नाही. धुकं इतकं आहे की मला माझाच बंपर दिसत नाही."

मास्तर उभे राहिले. "बायकांना उतरव. पुढं ने, कड्याला चिकटून उभं कर."

"केलंय. धोक्याचा लाल त्रिकोणही मागे ठेवलाय. चारी इंडिकेटर लावलेत, पण दहा पावलांवरून काही दिसत नाहीत. मुकादमबाई मोबाइलचा उजेड घेऊन मागे उभ्या राहिल्या होत्या, तर एक टेम्पो त्यांना चाटून गेला. मग मीच त्यांना परत बोलावलं."

"तूही उतर."

"मी ब्रेक दाबून बसलेय. ब्रेकचे दिवे तेवढे जरा लांबून दिसतात. ब्रेकवर जॅकचा दांडा अडकवून बघितला, सटकतो." तिचा आवाज फुटला. "मी पाय काढला तर मागे काहीच उरत नाही, बाबा."

"उतर! ऐक माझं, उतर आधी!"

पण फोन तुटला होता, आणि पुन्हा लागलाच नाही.

डेपो रिकामा होता. सगळ्या गाड्या फेरीवर, ओढून आणायची गाडी गॅरेजमध्ये उघडी पडलेली. माथ्यापलीकडच्या खाणीचे ट्रक याच वेळी घाट उतरतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी ड्रॉवर ओढला तो पुराच बाहेर आला. डबीतला बल्ब रुमालात गुंडाळून शर्टच्या खिशात घातला, पेचकस कमरेला खोवला आणि मोटारसायकलला लाथ मारली. त्यांच्या जुन्या मोटारसायकलला पुढं एक दिवा आणि मागं एक, दोन्ही जेमतेम.

पहिलं वळण उन्हात गेलं. दुसऱ्या वळणावर धुक्यानं त्यांना गिळलं. चष्म्यावर पाणी, रस्त्यावर पाणी, आणि डाव्या हाताला दरी आहे हे फक्त आठवणीनं. त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. त्यांना जोरात जायचं होतं. छातीत कुणीतरी सारखं म्हणत होतं, जोरात, जोरात. आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की जिची त्यांना भीती वाटत होती ती मागून येणारी आंधळी गाडी आज त्यांचीच आहे. ते असेच गेले तर लेकीला सगळ्यात आधी तेच धडकणार होते. त्यांनी वेग कमी केला. कमी केला की वाटे, वरून ट्रक येतोय. वाढवला की वाटे, पुढं तीच आहे. आयुष्यभर ज्यांनी लोकांना किती वेगानं जायचं ते शिकवलं, त्यांना आज किती वेगानं जावं ते कळेना. "माझी बाय, पाय काढ, उतर," असं ते हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होते.

त्रिकोण दिसला तो चाकाखालीच. मास्तरांनी ब्रेक दाबला, मोटारसायकल आडवी झाली, आणि ते तिच्यासकट रस्त्यावरून घसरत गेले. उठले तेव्हा गुडघा फाटला होता आणि मोटारसायकलचे दोन्ही दिवे विझले होते. ती त्यांनी कशीबशी कठड्याला ओढली. पेचकस कमरेला नव्हता. ओल्या रस्त्यावर त्यांनी रांगत, हात फिरवत तो शोधला, पण सापडला नाही. मग खिशावर हात ठेवला. रुमालातून काच टोचली.

लंगडत ते पुढं चालत गेले. आधी इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, मग बायकांचं कुजबुजणं, आणि मग अगदी जवळ गेल्यावर दोन लाल ठिपके. ठिपके थरथरत होते. तिचा पाय थरथरत होता.

त्यांनी दार उघडलं. धाकटी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती.

"बल्ब आणला?" तिनं विचारलं.

"फुटला."

तिनं ब्रेकवरचा पाय आणखी रेटला.

"पेचकसही पडला," मास्तर म्हणाले. "नाहीतर इंडिकेटरचा काढून बसवला असता. तू उतर आता."

"आणि ब्रेक?"

"मी दाबतो."

"नको. तुम्ही बायकांना घेऊन खाली जा. त्या घाबरल्यात."

"तुला उतर म्हणतोय ना!" मास्तर ओरडले. डेपोतला आवाज. तो इथं काही कामाचा नव्हता. ती जागची हलली नाही, फक्त मान हलवली. मग मास्तरांचा आवाज गेला. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पाया पडतो तुझ्या," ते म्हणाले. "एक भाऊ गेलाय माझा. तू उतर."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग ती बाजूला सरकली. दिवा क्षणभरही विझू नये म्हणून मास्तरांनी आधी आपला पाय तिच्या पायाशेजारी ब्रेकवर ठेवला, आणि मगच तिनं आपला काढला. पाय काढल्यावर तिला धड उभं राहता येईना. मुकादमबाईंनी तिला धरून खाली नेलं.

गाडी सोडून सगळेच गेले असते तरी ट्रक यायचा तो आलाच असता, आणि ट्रकमध्येही कुणाचं तरी पोर बसलेलं असतं. मास्तर ब्रेक दाबून बसले. आरशात पांढरं, समोर पांढरं. त्यांना थोरला भाऊ आठवेना, देव आठवेना. फक्त सकाळचं आठवत होतं. चावीच्या फळीपुढे ती उभी होती. हात लांब केला असता तर ड्रॉवर उघडला असता. एवढंच करायचं होतं. पेपरमध्ये काय वाचत होतो, हे त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. एक शब्दही आठवला नाही.

मग आवाज आला. वरून, जड, गिअरवर गुरगुरत उतरणारा. मास्तरांनी एका हातानं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. पाय इतका रेटला की कंबर सीटवरून उचलली गेली. आवाज वाढला, आरसा पिवळा झाला, खाली बायका किंचाळल्या, टायर रस्त्यावर खरवडत आले, आणि मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

धक्का बसला नाही.

दार आपटल्याचा आवाज आला. ट्रकवाला तरुण होता, स्वतःच थरथर कापत होता आणि म्हणून जास्तच ओरडत होता. "ओ काका! मरायचंय का तुम्हाला? अशा धुक्यात मागचा फॉग लाइट लावायला काय हात मोडले होते? हातभर अंतर राहिलंय, बघा खाली उतरून! कुणी दिलं हो तुम्हाला लायसन्स?"

एरवी असं कुणी बोललं असतं तर मास्तरांनी त्याला दिवसभर उभं केलं असतं. आज ते म्हणाले, "बरोबर आहे बाबा तुझं."

धाकटी धावत वर आली होती. "गाडी माझी आहे," ती ट्रकवाल्याला म्हणाली.

"बल्ब मी काढला होता," मास्तर म्हणाले. "तिला मी दिवा न देता घाटात पाठवलं. हिला बोलू नकोस. मला बोल."

ट्रकवाल्यानं आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. त्याचा राग उतरला. "माझा मागचा लाल दिवा चालू आहे," तो म्हणाला. "मदतनीस पार वळणावर जाऊन उभा राहिलाय. आता काही भीती नाही, काका. उतरा खाली."

"हो," मास्तर म्हणाले.

पण ते उतरले नाहीत. पाय ब्रेकवरच होता. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, मांडी नुसती थरथरली.

"बाबा, सोडा आता."

"सोडला तर कुणाला दिसायचं नाही."

"दिसतंय, बाबा. मागे ट्रक आहे."

"नाही, नाही. तू आधी लांब जा. तू लांब गेलीस की सोडतो."

धाकटी गेली नाही. ती दारातून आत वाकली, पायरीवर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी त्यांची पोटरी धरली. दगडासारखी घट्ट झाली होती. तिनं ती हळूहळू चोळली, आणि मग त्यांचा पाय अलगद उचलून खाली ठेवला.