बर्फ उपसून दुखलेला गुडघा

एल्मा लाहतीनं सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. मागच्या सीटवर कोण कोणाला चिमटा काढतोय ते तिला आरशात न बघता कळायचं, आणि चिमटा काढणाऱ्याला ती वर्षभर विसरायची नाही. मग गॅरलंड प्रेविटला विसरणं तिला शक्यच नव्हतं.

प्रेविट माजी सैनिकांच्या दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसायचा. एल्माचा मुलगा आर्विड अफगाणिस्तानातून फुटका गुडघा आणि उडालेली झोप घेऊन आला होता. दोन्ही दुखणी लष्करातल्या नोकरीमुळेच, हे सरकारनं मान्य केलं होतं, म्हणजे त्यांची औषधं फुकट. तरी गोळ्यांचं बिल यायचंच, कधी सोळा डॉलर, कधी चोवीस. आर्विड निमूट भरायचा. मग काम सुटलं, बिल थकलं आणि त्याच्या पेन्शनमधून पैसे कापले गेले. विचारायला गेला तर प्रेविट भरल्या रांगेसमोर म्हणाला, "तुम्हा लोकांना सगळंच फुकट हवं असतं."

आर्विडनं घरी येऊन गोळ्या बंद केल्या. तीन आठवडे त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. एल्मानं बंदुकीच्या कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात तळाशी लपवली.

"त्या प्रेविटला त्याच रांगेसमोर माफी मागायला लावते की नाही बघ," ती म्हणाली.

"सोड ना आई. सोळा डॉलरसाठी?"

"सोळा डॉलरसाठी नाही रे."

तिनं आर्विडकडून अर्ज करवून प्रत्येक भेटीचे कागद मागवले आणि टेबलावर पसरले. सगळ्या गोळ्यांपुढे एकच शेरा होता, 'नोकरीशी संबंध नाही'. हा प्रेविटचाच उद्योग, असं तिला वाटलं. मग डॉक्टरांची टिपणं सापडली. 'बर्फ उपसून गुडघा दुखतो, असं रुग्ण सांगतो. कॉफीमुळे झोप येत नाही, असं रुग्ण सांगतो.'

"हे तू सांगितलंस?"

"मग काय सांगू? दवाखान्यात शेजारी दोन्ही पाय गेलेला माणूस बसलेला असतो. त्याच्यासमोर गुडघ्याचं रडगाणं गाऊ?"

"अरे, फावडं कधी धरलंयस का हातात? बर्फ मी उपसते!"

आर्विड तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. एल्माचा राग मात्र उतरला नाही. मान्यतेचा कागद प्रेविटच्या समोरच्या फायलीतच होता. पान उलटायचं सोडून त्यानं टोमणा मारला होता.

शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असायचं. एल्मा ताट घेऊन टेबलाटेबलावर फिरली.

"खांदा कशानं दुखतो म्हणून सांगितलंस, ऑस्कर?"

"बोलिंगनं."

"आणि तुझे कान रे, लेस्टर?"

"बायकोनं!"

सगळे खो खो हसले. एल्मानं अशीच बिलं भरत आलेल्या अकरा जणांची नावं लिहून घेतली.

गुरुवारी तिनं आधी आर्विडला डॉक्टरांसमोर बसवलं. "गुडघा स्फोटात गेला," तो खाली बघत म्हणाला. "आणि झोपलो की तो रस्ता दिसतो." डॉक्टरांनी टिपण दुरुस्त केलं, गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. मग एल्मा आर्विडला, त्या अकरा जणांना आणि सगळ्यांच्या कागदांचा गठ्ठा घेऊन खिडकीपुढे उभी राहिली.

प्रेविटनं गठ्ठा बघितला. "मॅम, हे एका दिवसात व्हायचं नाही."

"मग पुढच्या गुरुवारी येईन. त्याच्या पुढच्याही. मी रिटायर झालेय. आता माझ्या मुलाची माफी मागा."

तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं. या लेस्टरचे कान तोफांनी गेलेत, बायकोनं नाही."

मग मात्र माफी साऱ्या रांगेला ऐकू गेली.

आर्विडचे तीनशे बारा डॉलर दोन महिन्यांनी परत आले. प्रेविटला वाटलं, सुटलो. पण त्यानंतरच्या गुरुवारीही एल्मानं ऑस्करचे कागद पिशवीत घातले, आर्विडच्या दाराला कान लावला, तो घोरतोय याची खात्री करून घेतली आणि आवाज न करता गाडी बाहेर काढली. किल्ली अजून पिठाच्या डब्यातच होती.