मोलकरणीचे संवाद

आळेफाट्यावर एसटीत बसवून देताना आप्पा खिडकीखालून म्हणाले, "पुन्याची लोकं लई शुद्ध बोलत्यात. आधी आईक, मंग बोल." माझी नुकतीच बारावी झाली होती. मी मान हलवली. आपल्या राजुरी गावातून बाहेर पडलेल्या आणि राजुरीतच राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना पुढचं सांगणं मी बरेच दिवस टाळत आले.

वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी मी "जेवान कवा असतं?" असं विचारलं आणि खोलीतल्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. दोन महिन्यांत मी माझी बोली पुसून टाकली. फ्रेंच घेतलं तेही त्यामुळेच. त्या वर्गात सगळ्यांचीच जीभ अडखळायची, कोण कुठल्या गावचं ते कळायचं नाही. आज मी तीच भाषा शिकवते.

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका हौशी संस्थेनं एक जुनं, गाजलेलं फ्रेंच विनोदी नाटक मराठीत बसवलं. अनुवाद तपासायला मला बोलावलं. नाटकात श्रीमंताघरची एक मोलकरीण आहे. मूळ नाटकात ती खेड्यातलं फ्रेंच बोलते. दिग्दर्शक म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडचं काहीतरी द्या ना." इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडचं काही मागितलं नव्हतं. मी हरखले. तिचे संवाद लिहून दिले, नटीला बोलण्याचा ठेका शिकवला. तो ठेका आईचा होता. बोलता बोलता कपाळाला हात लावणंसुद्धा तिचंच.

प्रयोगाला आईला मुद्दाम बोलावलं. आप्पांचे गुडघे धरलेले, म्हणून ती एकटीच आली, लग्नकार्यात नेसायची साडी नेसून. दुसऱ्या रांगेत बसलो. मोलकरीण आली आणि म्हणाली, "मालक, काल तुमी कुटं व्हता?" सगळं नाट्यगृह हसलं. त्या वाक्यात विनोद नव्हता. मी तिथं तो लिहिलाच नव्हता. पुढं तर ती नुसती "न्हाई" म्हणाली तरी हशा. सगळ्यांबरोबर मीही हसले. मग शेजारी पाहिलं. आई तोंडाला पदर लावून समोर बघत होती.

रिक्षात तिनं विचारलं, "ती बाई माझ्यावानी बोलत व्हती ना?"

"आई, त्या नाटकात तीच सगळ्यांत शहाणी आहे."

"आसंल. पन लोकं शहानपनाला न्हाई हसली." थोड्या वेळानं म्हणाली, "तूच शिकवलं व्हय तिला?"

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या मुलीला हाक मारली, "बाळा, पाणी दे." 'ण' अगदी ठासून उच्चारला. तेव्हापासून ती माझ्याशीही तशीच बोलते, एकेक शब्द जपून. फोनवर "तब्येत ठीक आहे ना?" विचारते. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "तसं काही नाही."

परवा गावी गेले. ओट्यावर शेजारच्या काकूंशी तिच्या गप्पा रंगल्या होत्या. "आगं, लई ग्वाड व्हतं, तुला ठिवायचं इसरले बग," असं म्हणून खळखळून हसली. मी फाटकापाशी तशीच उभी राहिले. कडी वाजली तशी ती उठली, पदर सारखा केला. "ये, बस. प्रवास नीट झाला ना?"

माझं घर आता फाटकाच्या बाहेरूनच ऐकू येतं. आत पाऊल टाकलं की ते थांबतं.