आल्टर आत्याची अट

लग्न जमवून द्या म्हणून कुणी दारात आलं, की बाकीचे मध्यस्थ शिक्षण विचारतात, पगार विचारतात, रंग तर न विचारताच डोळ्यांनी तोलून घेतात. आल्टर आत्या शिलाई मशीनवरचा पाय न थांबवता एवढंच विचारते, "गोळ्या चुकतात का?"

समोरचा "तशा नाही, पण कधीतरी..." म्हणाला, की विषय मिटला. "मग लग्नही कधीतरी कर," म्हणते आणि पुढच्या शिवणीला लागते.

तिचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची तिरपी जागा. तिथं कितीही ताठ माणूस आला तरी आपोआप नम्र होतो, नाहीतर डोकं आपटतं. नवीन कपडे ती शिवत नाही. घट्ट झालेलं सैल करणं, सैल झालेलं आवळणं, थोरल्याचा कोट धाकट्याला बसवणं, एवढंच काम. म्हणून ती आल्टर. राहिलं आत्या. सख्खा भाचा तिला एकच, पण रुग्णालयाच्या रांगेनं तिला शंभरेकांची आत्या करून टाकलं.

ही रांग एचआयव्हीच्या औषधांची. तिचा नवरा याच आजारानं गेला. तेव्हा औषधं निघाली होती, पण त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. तिच्यापर्यंत वेळेत पोचली. पहिल्या वर्षी ती इतकी वाळली होती, की स्वतःचेच कपडे आवळून आवळून कंटाळली. मग गोळ्या लागू पडल्या, अंग भरलं आणि तेच कपडे उसवून तिला पुन्हा सैल करावे लागले. "माझ्यापेक्षा चांगलं आल्टर गोळीनं केलं," असं ती सांगते, आणि दुसऱ्या कुणाच्या कामाची स्तुती तिच्या तोंडून निघाल्याची ही एकमेव नोंद.

आता कित्येक वर्षं तिच्या रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडत नाही. रांगेतल्या नव्या माणसाला वाटतं, गेला वाटतं मग! आत्या त्याला लगेच जमिनीवर आणते. "गेला नाही रे, दबून बसलाय. माझ्या सासूसारखा. आवाज येत नाही म्हणून घरात नाही असं समजायचं नाही. नेम सोडला की बाहेर आलाच."

लग्न जमवण्याचं खूळ याच रांगेत सुरू झालं. एक विधुर बेकरीवाला आणि टेलिफोनवर काम करणारी एक विधवा बाई पंख्याखालच्या एकाच खुर्चीवरून दर महिन्याला भांडायची. आत्यानं वर्षभर ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "इतकं मन लावून भांडताय, तर स्वतःच्या घरात भांडा ना. आम्हाला तेवढीच खुर्ची मोकळी." महिन्या-दोन महिन्यांत दोघांनी ऐकलं. मग लोक येऊच लागले. सगळ्यांनाच वाटत होतं, की आजार आला म्हणजे संसाराचा दरवाजा बंद झाला. आत्यानं तो ढकलून दाखवला, तर नुसता लोटलेला होता.

पण अट तेवढी कडक. रोज नेमानं गोळ्या, आणि विषाणू सापडत नाही असा तपासणीचा निकाल, तोही सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा. ही अट तिनं मनानं काढलेली नव्हती. रुग्णालयात ही औषधं देणाऱ्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. औषध नेमानं घेतलं, विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि सहा महिने तसाच दबून राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. गोळ्या मात्र पुढंही चालूच. चुकवल्या तर तो डोकं वर काढतो, आणि चुकवतच राहिलं तर त्या औषधालाच जुमानत नाही.

ऐकून आत्यानं बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, "म्हणजे औषध मी घ्यायचं आणि वाचणार दुसराही! असा सौदा कुठं मिळतो?"

लोकांच्या गोळ्या का चुकतात, हेही तिनं पाहून ठेवलं होतं. कुणाला कामावर डबी काढायची लाज, कुणाच्या पर्समध्ये नणंदेचा हात. म्हणून तिनं चोरखिसे शिवायला घेतले. पँटच्या पट्ट्याच्या आत, कोटाच्या अस्तराखाली, फ्रॉकच्या शिवणीत, बाहेरून कुणाच्या बापाला दिसणार नाही असा दोन गोळ्यांपुरता खिसा. त्या गावात किती जण पोटाशी चोरखिसा घेऊन हिंडतात, हे एकट्या आत्याला ठाऊक, आणि तिच्या पोटातून ते बाहेर काढणारा अजून जन्माला यायचाय.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना तिचा सख्खा भाचा प्रेमात पडला.

भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यालाही चार वर्षांपूर्वी एचआयव्ही निघालेला. कसा लागला, हे आत्यानं कधी विचारलं नाही. "लागला कसा ते राहू दे, दाबायचा कसा ते बघ," म्हणून हाताला धरून रांगेत उभा केला होता. एके दिवशी रुग्णालयाचीच लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत दोघी बहिणी. थोरली औषधांच्या रांगेतली, तिच्या सोबतीला आलेली धाकटी कवळ्या बनवणारी. भाच्यानं दार उघडून दोघींना बाहेर काढलं. थोरलीनं आभार मानले. धाकटी म्हणाली, "ही लिफ्ट मागच्या वेळीही तुम्हीच दुरुस्त केली होती ना?" एवढ्यावर गडी घायाळ झाला. काहींना टोमणाच लागू पडतो.

तिसऱ्या भेटीत त्यानं तिला आपला आजार स्वतःहून सांगितला, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं. ती दचकली नाही. बहिणीच्या ताटात जेवत, तिच्या शेजारी झोपत मोठी झालेली मुलगी, तिला यानं काही होत नाही हे पक्कं ठाऊक. तिला स्वतःला आजार नव्हता, आणि तो येऊ द्यायचाही नव्हता. म्हणून ती सरळ म्हणाली, "तुझ्या आत्या शब्दाच्या पक्क्या आहेत. त्या हो म्हणाल्या, की माझंही हो."

झालं! घरात आनंदीआनंद. आत्याचा धाकटा भाऊ आणि भावजय, म्हणजे भाच्याचे आईबाप, जिन्याखाली वाकून दुकानात आले.

"ताई, यावेळी तुला चालायलाही नको," भाऊ म्हणाला. "घरातलं स्थळ, घरातलाच मध्यस्थ."

"निकाल बघू त्याचा," आत्या म्हणाली.

"चांगला आहे म्हणे. घरी विसरला आज."

"वन्सं, घरच्या मुलाचेही कागद बघणार का तुम्ही?" भावजयीनं नाक मुरडलं.

"घरचा आहे म्हणून दोनदा बघणार."

भाच्याची कामावरची पँट त्या वेळी आत्याच्या मांडीवरच होती. गुडघ्यात फाटली म्हणून दुरुस्तीला आलेली. पाहुणे गेल्यावर तिनं ठिगळ लावलं, आणि सवयीनं चोरखिसा उलटा केला. वर्षापूर्वी हा खिसा बेतताना तिनं आत मेणखडूची, धुण्यानं न जाणारी रेघ मारली होती. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाईकाच्या खिशात ती रेघ महिनाभरही टिकत नाही, बोटांनी पुसून जाते. इथं ती कालच मारल्यासारखी जशीच्या तशी. गुडघा फाटला होता, बूड विरलं होतं, आणि खिसा कोरा करकरीत.

दुसऱ्या दिवशी भाचा शीळ घालत पँट न्यायला आला.

"बस," आत्या म्हणाली. "या खिशात शेवटचा हात कधी घातलास?"

"घालतो की गं अधूनमधून."

तिनं खिसा उलटा करून त्याच्या नाकासमोर धरला. "हा खडू माझा आहे. खोटं बोलत नाही."

शीळ बंद पडली. मग हळूहळू एकेक निघालं. कामं लांबलांबची, राहणं बाहेर, सोबतीला चार डोळे. आधी एक गोळी राहिली, काही झालं नाही. मग चार राहिल्या, तरी ठणठणीत. मग वाटायला लागलं, की आपलं अंगच दणकट. गेल्या तपासणीत विषाणू वाढलेला निघाला होता. तो कागद घरी विसरलेला नव्हता, फाडून टाकलेला होता.

"तू लिफ्टला तेल कधी घालतोस?" आत्यानं विचारलं. "बंद पडल्यावर?"

"नाही... चालू असतानाच."

"का? चालते ना ठणठणीत?"

त्यानं तो खिसा पुन्हा सुलटा केला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आत्या, तिला फक्त हो म्हण. मी आजपासून सगळं नीट करतो. तुझ्या गळ्याशपथ."

हा पोरगा तिनं अंगाखांद्यावर खेळवलेला. पण ती म्हणाली, "माझा गळा मध्ये आणू नकोस. तिचं रक्त पणाला लावून मी तुझे लाड करणार नाही."

दोन दिवसांनी कवळीवाली आली. आत्यानं सुई खाली ठेवली, जी ती कुणासाठी ठेवत नाही. "आत्ता माझा शब्द नाही," ती म्हणाली. "का, ते त्यालाच विचार. त्याच्या अंगातली गोष्ट मी सांगणं बरं नाही."

मुलीचा चेहरा उतरला. "नाही म्हणजे कधीच नाही?"

"आत्ता नाही म्हटलं मी. कान नीट आहेत ना?"

मग घरात जे रामायण झालं, ते विचारू नका. भाऊ म्हणाला, सख्खी बहीण की वैरीण. भावजयीनं बोलणं टाकलं आणि घरातले कपडे दुसऱ्या शिंप्याकडे नेले. नवरोबांच्या शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा लांब होऊन आली, तरी ती परत आली नाही. बाणेदार बाई. भाऊ बिचारा तो शर्ट घालून, एक हात खिशात ठेवून हिंडायचा.

भाच्यानं आधी आठवडाभर तोंड फुगवलं. मग एका सकाळी कुणाला न सांगता डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसला. आपण काय काय चुकवलं, ते सगळं सांगितलं. त्यांनी ओरडा दिला नाही, त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली. तपासण्या झाल्या. नशीब, औषध अजून काम करत होतं. दिवसाच्या ऐन गडबडीतली वेळ बदलून त्यांनी सकाळी दात घासल्याबरोबर घ्यायची ठरवली. दात घासायला कुणी लाजत नाही.

कवळीवालीही गप्प बसली नव्हती. तिनंही डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि प्रश्नांचा भडिमार केला. पुढं लग्न झालंच तर कंडोम कधीपर्यंत, मुलं होतील का, मुलांना लागेल का, ज्याला आजार नाही त्यानं घ्यायची गोळी असते म्हणे, ती काय? डॉक्टरीणबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. तशी गोळी आहे, हवी तर ती घेता येईल. त्याचा विषाणू दबून राहीपर्यंत कंडोमला पर्याय नाही. स्वतःची तपासणी अधूनमधून करायची. मुलं निरोगी होऊ शकतात.

"लग्न ठरलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ठरलं तर कोरी पाटी नको, म्हणून विचारून ठेवतेय."

इकडं आत्याची अवस्था बघण्यासारखी. भाच्याला विचारायचं नाही, हे तिनंच ठरवलेलं. तो जिन्यावरून गेला, की मशीन उगाच जोरात चालायचं. एकदा तिनं कुणाच्या तरी पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. रांगेतले लोक चिडवायचे, "आत्या, गोळ्या चुकतात का तुमच्या?" ती कात्री दाखवायची.

मग एका दुपारी भाचा आला आणि मशीनवर कागद ठेवला. विषाणू सापडला नाही. आत्यानं तो डोळ्याजवळ नेऊन वाचला, लांब धरून वाचला, आणि परत दिला. "एक झाला."

"एवढंच?"

"दुसरा आण, मग नाचते."

दुसरा यायला हिवाळा उलटला. तोही तसाच, सापडला नाही. आत्या नाचली नाही, पण दुकान बंद केलं. ठेवणीतला कोट काढला, आणि बसमध्ये सगळ्या वाटेनं मनात बोलणं जुळवत निघाली. शब्द द्यायचा म्हणजे नीट द्यायला हवा. मुलगा माझा, चूक केली, सुधारला, दोन निकाल समोर आहेत, पुढची जबाबदारी माझी, असं बरंच काही.

कवळीवाली तिच्या कामाच्या खोलीत होती. टेबलभर प्लास्टरचे जबडे, सगळे आ वासून आत्याकडे बघत होते. आत्यानं घसा साफ केला. "बाळ, आज मी तुला शब्द द्यायला आलेय..."

"कसला?"

"माझ्या भाच्याचा."

"अहो आत्या, तो काल येऊन गेला." मुलगी हातातली कवळी घासता घासता म्हणाली. "सगळं सांगितलं. चुकवलेलं, फाडलेलं, तुमच्यापुढं खोटं बोललेलं. निकाल दाखवायला लागला, तर म्हटलं राहू दे, तू म्हणतोस ना, बास. सोमवारी दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसतोय. हो म्हणून मोकळी झाले मी."

"मला न विचारता?"

"विचारायचं राहूनच गेलं," मुलगी जीभ चावून म्हणाली.

आत्या क्षणभर त्या जबड्यांसारखीच आ वासून उभी राहिली. एवढं जुळवलेलं बोलणं सगळं फुकट! मग तिचा चेहरा असा काही फुलला, की मुलगी कवळी ठेवून बघत राहिली.

त्या संध्याकाळी आत्यानं भावाच्या घरी जाऊन बातमी दिली, वाटेत बेकरीवाल्याला दिली, टेलिफोनवालीला दिली, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या रांगेला दिली. दरवेळी एकच वाक्य, "त्याच्या शब्दावर हो म्हणाली पोरगी, माझा शब्द लागलाच नाही!"

भावजयीला इतक्या महिन्यांनी बोलायची संधी मिळाली, ती तिनं सोडली नाही. "म्हणजे वन्सं, या लग्नात तुमचा उपयोग काय झाला?"

"काही नाही," आत्या ताठ मानेनं म्हणाली. "काही म्हणजे काहीसुद्धा नाही. आण तो शर्ट इकडं."