अंगणवाडीचा वाकलेला माळा

कोल्हापूरच्या अंगाला चिकटलेलं आमचं गाव. अंगणवाडीला खोली एकच, वर पत्रा. आई तिथं मदतनीस आहे. धान्याला उंदीर लागतात म्हणून ठेकेदारानं मागच्या अर्ध्या खोलीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत माळा घातला. डब्ल्यूपीसीच्या फळ्यांचा, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकमध्ये लाकडाचा भुसा मिसळून केलेलं सामान. मधे आधार नाही. लोखंड वाचवलं!

माळा झाल्यावर त्यानं नारळ फोडला आणि तालमीतले दोन पैलवान फळीला लोंबकळवले.

"बघा की पावणं, मोडतंय काय?"

टाळ्या पडल्या. पैलवान चहाला गेले. नंतर चढलेली पोती मात्र रात्रंदिवस तिथंच राहिली. या फळीला वाळवी लागत नाही, ती सडत नाही, हे खरं आहे. पण कायमचं वजन पडलं की ती लाकडापेक्षा जास्त वाकते, वाकतच राहते, आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की आणखी. ठेकेदाराला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

एप्रिलमध्ये मी सुतळी ताणून बघितलं. फळीचं पोट सुतळीखाली लोंबत होतं. त्याच्या खाली पोरं खिचडी खात होती.

गावात वाटायला मी पत्रक लिहायला घेतलं, तर आई म्हणाली, "छापू नगंस. पोती कुणी रचली म्हणून इचारतील. मीच रचलीत की."

"तुझं काय चुकलं त्यात?"

"चूक कुणाची हे कोण बघतंय गं? नाव माझंच घेत्यात."

मी छापलं. पत्रक वाचून तालुक्याचे साहेब बघायला आले. त्याआधीच ठेकेदारानं पोती शेजारणीच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, हलवली होती. रिकामी फळीसुद्धा वाकलेलीच होती, सरळ झालीच नाही. साहेबांनी तिच्यावर बुक्की मारली. "तडा कुठाय? मोडली तर कळवा."

"खाली पोरं बसत्यात, साहेब. मोडल्यावर कुणी कळवायचं?"

ठेकेदार हसला. "ताई, पत्रकं वाटून फळी सरळ हुती व्हय?"

जमलेली माणसंही हसली. संध्याकाळी पोती परत वर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर पोरं दारापाशी एकमेकांच्या मांडीवर असल्यासारखी दाटीनं बसलेली. माळ्याखाली आई एकटी, तांदूळ निवडत.

"हिकडं का बसलीस?"

"सगळ्यास्नी तिकडं जागा हाय व्हय? कुणीतरी बसाय पायजे की."

माझं डोकंच फिरलं. स्टुलावर चढून मी एकेक पोतं खाली ओढलं आणि शेजारणीच्या सोप्यात नेऊन टाकलं. आई आधी ओरडली, मग पोत्याचं दुसरं टोक धरायला आली.

सकाळी तिला साहेबांचं बोलावणं आलं. सरकारी धान्य परस्पर का हलवलं, याचा खुलासा द्यायचा होता. ठेकेदाराला कुणी काही विचारलं नाही.

"मी येते संगट," मी म्हणाले.

"तू आलीस तर भांडशील." तिनं पदर खोचला, चप्पल घातली आणि दारातूनच वळून म्हणाली, "मी येईस्तवर पोरांस्नी माळ्याखाली जाऊ देऊ नगंस."