बाकाच्या पलीकडचे बूट

स्कीवे शहराजवळच्या त्या गावात त्यूराइतकी स्वच्छ बाई दुसरी नव्हती, आणि त्या वर्षी तिच्याइतकं गोंधळलेलंही कुणी नव्हतं. जन्म गेला डुकरं पाळण्यात. तरी कत्तलखान्याकडून दर महिन्याला तेच कळायचं: तुमच्या डुकरांत साल्मोनेलाचे जंतू वाढताहेत, आकडा चढतोय. डुकरं तर धष्टपुष्ट, एकही आजारी नाही. न दिसणाऱ्या शत्रूशी भांडायचं तरी कसं?

तिने उंदीर मारले, लाडकं मांजर हाकललं, डुकरांचे कप्पे धुऊन वाळेपर्यंत रिकामे ठेवले. काही उपयोग नाही. मग तिची नजर नवऱ्याकडे, एबेकडे वळली. गोठ्याच्या दारात आडवं बाक होतं; बाहेरचे बूट अलीकडे काढायचे, पाय पलीकडे टाकून आतले घालायचे. धांदरट एबे कधीमधी विसरायचा.

"तूच आणतोस ती घाण," ती म्हणाली. "उद्यापासून गोठ्यात पाऊल टाकायचं नाही."

"अगं, मग दिवसभर करू काय?"

"कॉफी पी."

तो भांडला नाही, हेच तिला जास्त लागलं. डुकरांना खाऊ घालायची वेळ झाली की तो न चुकता टोपी चढवायचा आणि खिडकीपाशी बसून राहायचा. कत्तलखान्याचा आकडा तरीही वाढला. आता मात्र त्यूराची मती गुंग झाली.

जनावरांची डॉक्टर सोल्वाय आली. गोठाभर फिरून तिने विचारलं, "खायला काय घालता?"

"कारखान्याची गोळी पेंड. वाफवलेली, अगदी स्वच्छ. पूर्वी एबे घरचे सातू भरडायचा, नुसता धुरळा! मीच बंद पाडलं ते."

"तिथंच घोडं अडलंय. गोळीतलं धान्य बारीक दळलेलं असतं, ते पोटातून झरकन पुढं जातं. जाडा भरडा टिकतो, पोटात आंबटपणा राहतो, जंतू तिथंच मरतात. भरडा पुन्हा सुरू करा."

"म्हणजे मी स्वच्छ केलं म्हणून बिघडलं?" त्यूराला काही उमगेना. "आणि एबेचे बूट?"

"बूट बदलायलाच हवेत. पण एबेला बाहेर बसवून आकडा उतरला का?"

त्यूरा स्वयंपाकघरात आली. एबे टोपी घालून बसला होता.

"चक्की चालते का रे अजून?"

"चालते की. दर रविवारी तेल देतो. ती बाहेरच्या शेडमध्ये आहे ना, तिथं तू बंदी घातली नव्हतीस."

तिने जाऊन त्याचे आतले बूट बाकापलीकडे मांडले. एबे मागोमाग आला, बाहेरचे बूट काढून बाकावर बसला, पण पाय काही पलीकडे टाकेना.

"येऊ?" त्याने विचारलं.