मौर्यांच्या दरबारातली एक चिठ्ठी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, भावांजवळ नाही. देवाजवळसुद्धा नाही — त्याला सगळं कळतं म्हणतात ना, मग कळू दे त्याचं त्याला! तुम्हाला मात्र सांगते. का सांगते ते विचारू नका, मलाच नीट ठाऊक नाही.

मी बंगळूरच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. घरात मराठी, वर्गात कानडी, मोठ्या बाईंच्या खोलीत इंग्रजी, अशी वीस वर्षं गेली. आणि ह्या वीस वर्षांत माझं नाव झालं ते एकाच गोष्टीसाठी. मौर्य दरबार! आजही जुन्या मुली रस्त्यात भेटल्या की तेच काढतात. टीचर, काय मजा यायची हो! अंगाची लाही होते माझ्या. मजा म्हणे.

नववीला मौर्य साम्राज्याचा धडा आला की मी पुस्तकं मिटायला लावायची. पाटलीपुत्राचा कारभार सहा समित्या बघत, एकेकीत पाच माणसं. मग मी तीस मुलींच्या सहा समित्या करायची. कुणी कारागिरांवर देखरेख ठेवायची, कुणी परदेशी पाहुण्यांची सोय बघायची, कुणी जन्ममृत्यूची नोंद ठेवायची. उरलेल्या पाचसहा जणींतली एक सम्राट अशोक, बाकीच्या प्रतिवेदक. म्हणजे राजाला खबर आणून देणाऱ्या. ह्या राजाने दगडावर कोरून ठेवलं होतं, की तो जेवत असो, अंतःपुरात असो, लोकांची वार्ता त्याच्यापर्यंत पोचलीच पाहिजे. मी मुलींना घसा फोडून सांगायची — ह्याच्या आजोबाचे हेर लोक काय लपवतात ते शोधत फिरायचे, नातवाला लोकांना काय दुखतंय ते ऐकायचं होतं. फरक समजून घ्या गं!

फरक समजून घ्या. आणि हे कोण सांगत होतं?

प्रतिवेदकांनी महिनाभर शाळेत जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि माझ्या टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. नियम एकच. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, आपलं मत घालू नका. नळाला पाणी नाही, अमकीला डबा आणता आला नाही, जिन्याची पायरी फुटलीय, असलं यायचं. मी चिठ्ठ्या वाचायची, निवडायची, आणि निवडलेल्या एका जाड वहीत खळ लावून चिकटवल्या जायच्या. दरबाराच्या दिवशी पाहुणे ती वही चाळायचे. चिकटवायचं काम नागरत्नाकडे होतं. चौदा वर्षांची पोर, चणीने बारीक, नजर घारीची. तिच्यासारखी प्रतिवेदक मला परत मिळाली नाही.

आता सरोजाचं सांगते. ही आमची ड्रॉइंग टीचर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हसरी, हातात जादू. दरबाराचे पडदे, सिंहांचा स्तंभ, सगळं तिने रंगवलेलं. मुली तिच्याभोवती गुळावरच्या माश्यांसारख्या. मला त्याचं वाईट वाटायचं का? स्वल्प वाटायचं. पण तेवढ्यासाठी मी असं केलं नसतं. खरं कारण वेगळं, आणि ते सांगताना अजून जीभ अडखळते.

आमच्या शाळेत एक नियम होता. शिक्षिका कुमारिका चालेल, विधवा चालेल. नवरा जिवंत असलेली चालणार नाही! ऐकलंत? बाईचा नवरा मेला तर ती शिकवायला लायक, जगला तर नालायक. कमिटीवर सात पुरुष, सातही जण लग्न झालेले, आणि त्यांनी हा नियम केला. मौर्यांच्या अधिकाऱ्यांना मी वर्गात नावं ठेवायची, पण ह्या सातांपुढे कधी तोंड उघडलं? छे! डोंबल उघडलं.

मलाही एक स्थळ आलं होतं. बेळगावचा मुलगा, कॉलेजात शिकवायचा. मला तो आवडला होता, आता लाजून काय करू? पण वडील गेलेले, दोन भाऊ शिकत होते, घर माझ्या नोकरीवर. मी नाही म्हणून कळवलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चंद्रगुप्त शिकवला.

आणि मग त्या वर्षी, दरबार दोन दिवसांवर आला असताना, डब्यात नागरत्नाची चिठ्ठी निघाली. स्वच्छ, वळणदार कानडीत. ड्रॉइंग टीचर रोज सकाळी गणपतीच्या देवळामागे बसून पायांतली जोडवी काढतात, गळ्यातलं मंगळसूत्र काढतात, दोन्ही रुमालात बांधतात. संध्याकाळी तिथेच परत घालतात. बस्स, एवढंच. मत नाही, चहाडी नाही. मी शिकवलं होतं तसंच, अगदी बिनचूक.

मी काय करायला हवं होतं हे काय तुम्ही मला सांगायला हवं? चिठ्ठी फाडायची, नागरत्नाला जवळ घेऊन सांगायचं, बाळ, हे कुठे बोलू नकोस. संपलं असतं. मी चिठ्ठी हातात धरून बसले आणि डोक्यात एकच — म्हणजे हिने दोन्ही ठेवलं! मी एक सोडलं तेव्हा दुसरं हाती राहिलं, आणि ही रुमालाची गाठ मारून दोन्ही घेऊन बसलीय! संतापायचं होतं त्या सातांवर. संताप निघाला तो तिच्यावर. काय म्हणावं ह्याला?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी ती चिठ्ठी स्वतः वहीत चिकटवली. चुकून नाही. धांदलीत नाही. मधलं पान उघडलं, कारण कमिटीचे सेक्रेटरी साहेब वही नेहमी मधूनच उघडत. खळ लावली, कोपरे दाबले, वाळेपर्यंत बसून राहिले. वर मुलींचा फुटक्या पायरीचा कागद होता, खाली तिचं मंगळसूत्र.

शनिवारी दरबारात साहेबांनी वही उघडली. वाचलं. वही काखेत मारली आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. सोमवारी सरोजाचं टेबल रिकामं होतं. ब्रशसुद्धा न्यायला दिले नव्हते तिला. ह्या माणसांना एवढी घाई कसली असते हो? नळ दुरुस्त करायला दोन वर्षं लागली त्यांना!

मोठ्या बाईंनी मला विचारलं, अशी चिठ्ठी तुम्ही वहीत जाऊच कशी दिलीत? आणि मी म्हटलं, ‘चिकटवायचं काम नागरत्नाकडे असतं. तिने गठ्ठ्यातून चुकून घेतली असेल. मी पाहिली नाही.’

चटकन आलं तोंडात. अडखळले नाही की घाम फुटला नाही.

नागरत्नाला खोलीत बोलावून झापलं. ती रडली नाही तिथे. दुपारी माझ्याकडे आली, ओठ पांढरे पडलेले. तिला आठवतच नव्हतं, आणि आठवणार कुठून? तरी म्हणाली, ‘टीचर, मीच चिकटवली का हो? शुक्रवारी खूप चिठ्ठ्या होत्या. मीच असणार ना?’ ती मला विचारत होती. माझ्यावर भरवसा होता तिचा! आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, ‘असू दे गं. पुढे जपून काम कर.’

त्यानंतर त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही. दहावीनंतर इतिहास सोडला. हुशार पोर, कुठल्या कुठे गेली असती. मी मात्र पुढच्या वर्षी परत दरबार भरवला. प्रतिवेदक तेवढे काढून टाकले, आणि कुणी विचारलं तर सांगायची, त्या प्रकारानंतर नकोच ते. त्या प्रकारानंतर!

ह्या दिवाळीत नागरत्ना घरी आली. लग्नाची पत्रिका घेऊन. आता टेलिफोन खात्यात आहे, चष्मा लागलाय. म्हणाली, सरोजा टीचरचं घर सापडलंय, के. आर. पुरमला राहतात, लग्नाआधी मला त्यांच्या पाया पडून यायचंय, पण एकटीला धीर होत नाही. टीचर, तुम्ही याल?

मी गेले. हो, गेले! नाही म्हणायचं तरी धैर्य कुठे होतं?

सरोजा दारातच भेटली. केस पिकायला लागलेले, पण हसणं तेच. घरीच चार मुलांना ड्रॉइंग शिकवते म्हणाली. मला ‘या अक्का’ म्हणून खुर्ची दिली, उप्पिट केलं. नागरत्ना तिच्या पायांवर वाकली ती उठेचना. दहा वर्षं मनात ठेवलेलं सगळं बोलून गेली — शुक्रवार, गठ्ठा, खळ, माझ्या हातून झालं, मला क्षमा करा. सरोजाने तिला उठवलं, पोटाशी धरलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘अक्का, तुम्ही तरी सांगा हिला. तुमचं ऐकेल ती. एवढीशी तर होती, तिचा काय दोष?’

दोघी माझ्याकडे बघत होत्या. खोलीत चौथं कुणी नव्हतं.

‘लहान होतीस गं,’ मी म्हटलं. ‘होते अशी चूक. आता विसरून जा.’

नागरत्नाने डोळे पुसले आणि माझ्याही पाया पडली. मी पडू दिलं. मग सरोजाने आग्रह केला म्हणून आणखी थोडं उप्पिट घेतलं, आणि बशी रिकामी करूनच उठले.